गांजाचा परवाना आणि गांजाचे कोठार : वऱ्हाडाच्या दोन बाजूंना घडलेला एक विसरलेला इतिहास

१/ महाशिवरात्र किंवा होळी जवळ आली की समाजमाध्यमांवर दोन वाक्ये हमखास फिरू लागतात. पहिले : "गांजा ही आपली परंपरा, इंग्रजांनी त्यावर बंदी घातली." दुसरे : "१९८५ पर्यंत सगळे मोकळे होते, घराच्या परसात लावले तरी कोणी विचारत नसे." दोन्ही वाक्ये ऐकायला सोपी आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. खरा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यात शेतकरी आहे, मक्तेदार आहे, अबकारी अंमलदार आहे, वेड्यांचे इस्पितळ आहे आणि बुरशी धरलेले कोठारही आहे. आजचा धागा त्याच विषयावर.

२/ आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण पुढचा सारा कायदा या शब्दांवरच उभा आहे. वनस्पती एकच. तिची पाने म्हणजे भांग. मादी झाडाचे राळेने भरलेले फुलोरे म्हणजे गांजा. नुसती खरवडून काढलेली राळ म्हणजे चरस. भांग घोटून पितात, गांजा व चरस चिलमीत ओढतात. चरस मुख्यतः मध्य आशियातून, यारकंदच्या वाटेने उत्तर हिंदुस्थानात येई. आपल्या भागात चालत असे तो गांजा.

३/ आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. आजचा वाशीम जिल्हा म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेला प्रदेश. १८५३ च्या करारानंतर निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिलेल्या वऱ्हाडाचा हा भाग. 'बासीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा तेव्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा बराच भाग अकोल्यास जोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडाची ख्याती कापसासाठी होती. गांजाच्या लागवडीची मोठी नावे त्याच्या दोन बाजूंना होती : उत्तरेस निमाडातील खांडवा आणि पश्चिमेस नगर जिल्हा.

४/ दक्षिणेकडची बाजूही विसरू नका. पैनगंगा ओलांडली की निजामाचा मुलूख सुरू होई. म्हणजे बासीमच्या अंमलदाराच्या हाती असलेले परवान्याचे नियम नदीच्या काठाशी संपत. इंग्रज अबकारी खात्याची संस्थानांविषयीची कायमची तक्रार हीच होती : आमच्या हद्दीत कर वाढवला की शेजारच्या संस्थानातून स्वस्त माल चोरून येतो. कर, हद्द आणि चोरटा व्यापार यांचे हे त्रिकूट लक्षात ठेवा. गांजाच्या इतिहासात नीतीपेक्षा याच तीन गोष्टींचा वावर अधिक आहे.

५/ गांजा औषध म्हणून इंग्रजांना कळला तो कलकत्त्यात. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये तेथे आपला निबंध सादर केला. त्याने आधी प्राण्यांवर प्रयोग केले. मग संधिवात, धनुर्वात आणि लहान मुलांच्या आकडीच्या रोग्यांना गांजाचा अर्क दिला. हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानातील तारायंत्राचा जनक म्हणून प्रसिद्ध झाला. अर्थात आपल्या वैद्यांना ही वनस्पती नवी नव्हती. शार्ङ्गधर संहितेत भंगेचा उल्लेख अफूच्या जोडीने येतो आणि वैद्यकात तिला 'विजया' हेही नाव आहे.

६/ मग वाद कोठून निघाला? विलायतेतील मद्यपानविरोधी चळवळीतून. या चळवळीचा खंदा पुरस्कर्ता विल्यम स्प्रॉस्टन केन हा पार्लमेंटचा सभासद होता. २ मार्च १८९३ रोजी त्याने हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न विचारला : बंगालमध्ये गांजाची लागवड, विक्री आणि लोकांच्या नीतीवर होणारा परिणाम यांची चौकशी सरकार करणार काय? चौकशी बंगालपुरती न राहता सबंध हिंदुस्थानची झाली. ३ जुलै १८९३ च्या ठरावाने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले.

७/ अध्यक्ष मॅकवर्थ यंग, पंजाबचे वरिष्ठ अधिकारी. सदस्यांत मुंबई इलाख्यातील पंचमहालचे कलेक्टर ओमनी, मध्यप्रांतातील छत्तीसगडचे कमिशनर फ्रेझर आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे अध्यापक वॉर्डन. तीन हिंदी सभासद : ताहिरपूरचे राजा शशीशेखरेश्वर रॉय, कपूरथळा घराण्यातील कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले गेले. ६ ऑगस्ट १८९४ रोजी सिमल्यास अहवालावर सह्या झाल्या. मादक पदार्थावरची इतकी विस्तृत चौकशी त्यापूर्वी जगात कोठेही झालेली नव्हती.

८/ कमिशनने ७० प्रश्नांची छापील यादी सर्वत्र धाडली. ती वाचणे हाच एक इतिहासाचा धडा आहे. झाड रानात आपोआप उगवते की लावावे लागते? नर झाडे उपटतात काय? चपटा गांजा, गोल गांजा आणि चुरा यांपैकी तुमच्याकडे कोणता होतो? लोक घरच्या घरी भांग तयार करू शकतात काय? ठेवलेला माल खराब होतो काय, आणि होत असल्यास का? आज ज्यांना आपण 'घरच्या लागवडीचे' आधुनिक प्रश्न समजतो, ते १३० वर्षांपूर्वी सरकारी कागदावर छापले गेले होते.

९/ या प्रश्नांमागे एक शास्त्रीय मर्म होते. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराचा पराग वाऱ्यावर उडून मादीवर बसला की तिची शक्ती बी धरण्यात जाते आणि राळ कमी होते. म्हणून गांजा हवा असेल तर नर झाड फुलण्याआधी ओळखून काढावे लागे. बंगालमध्ये नौगावच्या 'गांजा महालात' हे काम करणारा जाणकार वेगळाच असे. त्याला 'पोद्दार' म्हणत. इंग्रज कागदपत्रांत तो 'गांजा डॉक्टर' झाला. तो शेतातून चालत जाई, नर झाडे मोडत जाई आणि त्याबद्दल मेहनताना घेई.

१०/ १९७० च्या दशकात अमेरिकेत 'सिनसेमिया' म्हणजे बिनबियांचा माल हा जणू नवा शोध असल्यासारखा गाजला. शब्द स्पॅनिश; पण त्यामागचे ज्ञान राजशाहीच्या पोद्दाराला आणि निमाडच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन याने १८९३ मध्ये बंगालच्या लागवडीवर लिहिलेल्या अहवालात हे सारे तपशिलाने नोंदवले आहे. खालच्या फांद्या छाटून झाडाला वर आणि भरदार वाढू देण्याची रीतही त्या काळच्या वर्णनांत सापडते. ज्याला आज 'झाडाला वळण लावणे' म्हणून मिरवले जाते, ते त्या शेतकऱ्याच्या लेखी रोजचे काम होते.

११/ आता 'चपटा' आणि 'गोल' म्हणजे काय? कापणीनंतर फुलोरे उन्हात पसरत. राळ चिकट असल्याने मजूर ते पायांनी तुडवून दाबत, पुन्हा उलटत, पुन्हा तुडवत. असा दाबलेला तो चपटा गांजा. वळून तयार केलेला तो गोल. खाली झडलेला तो चुरा. नौगावात हे तिन्ही प्रकार होत. खांडव्याचा आणि मुंबई इलाख्याचा माल मुख्यतः चपटा. चिलीम ओढणाऱ्या बैराग्याने या मजुरांच्या पायांचा विचार कधी केला असेल, असे वाटत नाही.

१२/ या तुडवण्यामागे केवळ रूप देण्याचा हेतू नव्हता. ओला माल ढिगात राहिला की तापतो, काळवंडतो आणि त्याला बुरशी धरते. फार वाळवला तर राळ झडते आणि हाती चुराच उरतो. दाबून, हवा काढून, योग्य वेळी उघडून वाळवणे ही खरी कसोटी होती. कापूस, तूर, ज्वारी साठवणाऱ्या वऱ्हाडातील वाचकास हे सांगावे लागणार नाही : पीक शेतात येते, पण भाव कोठारात ठरतो.

१३/ आणि येथेच सरकार आत शिरले. मध्यप्रांतात परवान्याशिवाय लागवड बंद होती आणि परवाना ठरावीक टापूतच मिळे. त्यात खांडव्याचा परिसर मुख्य. शेतकऱ्याने पिकवलेला सारा माल सरकारी देखरेखीखालील कोठारात आणायचा. तेथे वजन व्हायचे, नोंद व्हायची, कर भरल्यावरच घाऊक व्यापाऱ्यास तो उचलता यायचा. किरकोळ दुकानांचा लिलाव होई. पिकवणारा वेगळा, साठवणारा वेगळा, विकणारा वेगळा आणि प्रत्येक पायरीवर सरकारचा हात. "मोकळे होते" म्हणणाऱ्यांनी ही साखळी एकदा तरी पाहावी.

१४/ करही वजनावर असे. त्यातून एक गमतीदार पण गंभीर पेच उभा राहिला. ओला माल जड, वाळलेला हलका. कोठारात ठेवलेला गांजा महिन्यागणिक घटे. ही घट खरी की कोणी माल चोरून बाहेर काढला? घटीची किती सूट द्यायची? शिवाय वर्ष-दोन वर्षांत मालाचा गुण जाई आणि गिऱ्हाईक त्यास हात लावीत नसे. बंगालमध्ये असा निरुपयोगी झालेला जुना गांजा अधिकाऱ्यांच्या देखत जाळून टाकत. बुरशी ही शेतकऱ्याची अडचण होती, तशीच ती महसुलाचीही अडचण होती.

१५/ मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा लागू होता आणि तेथे गांजाच्या लागवडीत नगर जिल्हा आघाडीवर होता. सातारा, सोलापूर भागांतही लागवड होई. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी आणि सावकार दारात, अशा दुष्काळी पट्ट्यात रोख पैसे देणारे पीक शेतकरी का धरतो, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी नको. सरकारी कागदांत हा शेतकरी 'परवानाधारक' म्हणून येतो. त्याचे नाव, त्याचे कर्ज, त्याच्या घरची माणसे तेथे नाहीत.

१६/ कमिशनपुढचा सर्वांत नाजूक प्रश्न वेडाचा होता. "गांजाने माणूस वेडा होतो" याला पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी दाखवल्या जात. कमिशनने १८९२ सालच्या १,३४४ दाखल रोग्यांची छाननी केली. नोंदींनुसार २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग होते. मूळ कागद तपासल्यावर धक्कादायक गोष्ट निघाली : रोग्यास आणणारा पोलीस रकान्यात काहीतरी कारण भरायचे म्हणून 'गांजा' लिही आणि इस्पितळ तेच उतरवून घेई. छाननीनंतर ज्यांच्या बाबतीत गांजाचा संबंध मानता येईल असे ९८ रोगी उरले. म्हणजे सुमारे ७.३ टक्के.

१७/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. एका रकान्यात निष्काळजीपणे लिहिलेला शब्द वार्षिक अहवालात आकडा होतो, आकडा पार्लमेंटमध्ये युक्तिवाद होतो, आणि युक्तिवादाचा कायदा होऊ शकतो. कागद जुना आहे म्हणून तो खरा ठरत नाही. तो कोणी, कोठे बसून, कशासाठी भरला हे विचारावे लागते. पण दुसरी बाजूही तितकीच लक्षात घ्या : छाननीनंतरही आकडा शून्य झाला नाही. ९८ माणसे उरली आणि त्यांच्यामागे ९८ घरे होती.

१८/ कमिशनचा निष्कर्ष काय? माफक सेवनाने बहुसंख्य लोकांस विशेष अपाय होत नाही. अतिसेवन मात्र शरीरास व मनास घातक. संपूर्ण बंदी अनावश्यक, कारण तिने लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील आणि साधू-बैराग्यांच्या धर्मभावनेस धक्का बसेल. म्हणून बंदी नको, नियंत्रण हवे : लागवड परवान्यानेच, तीही मोजक्या टापूंत, पुरेसा कर, दुकाने मर्यादित. दोन हिंदी सभासदांनी, राजा शशीशेखरेश्वर आणि लाला निहालचंद यांनी, आपली भिन्न मते स्वतंत्रपणे नोंदवली. अहवाल एकमुखी नव्हता.

१९/ म्हणजे पहिले वाक्य खोटे ठरले : इंग्रजांनी गांजावर बंदी घातली नाही, त्यांनी त्याचा महसूल केला. आणि दुसरेही खोटे ठरले : परसातील झाड 'मोकळे' नव्हते. करमुक्त झाड म्हणजे बुडालेला कर, म्हणून मंदिराजवळ, मठात किंवा घराशेजारी लावलेली दोन-चार झाडे हीच अंमलदाराच्या डोळ्यांत खुपत. घरच्या लागवडीवरचा रोष १९८५ मध्ये जन्मला नाही. तो एकोणिसाव्या शतकातील परवाना पद्धतीतच होता. फक्त तेव्हा त्याचे कारण आरोग्य नसून खजिना होते.

२०/ औषध म्हणून गांजाचे काय झाले? अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढले गेले; सिंकोनाच्या सालीतून क्विनीन १८२० मध्ये. डॉक्टरास मोजून मात्रा देता येऊ लागली. गांजाचे तसे झाले नाही. केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९६ मध्ये चरसाचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. पण मुख्य मादक घटकाची नेमकी रचना उलगडली ती १९६४ मध्ये, इस्राएलच्या गाओनी आणि मेशुलम यांच्या हातून. मधल्या काळात लंडनच्या औषध विक्रेत्याकडे पोहोचणारा माल कधी जालीम तर कधी निव्वळ गवत.

२१/ याचे कारण पुन्हा कोठारातच होते. हवा, उष्णता आणि प्रकाश यांनी मादक घटक हळूहळू बदलून त्याचा कॅनाबिनॉल हा सौम्य पदार्थ होतो. नौगावच्या व्यापाऱ्यास जे अनुभवाने माहीत होते, जुना माल निकामी, त्याचे रसायनशास्त्र पुढे कळले. जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने पडलेल्या गांजाच्या अर्काची मात्रा ठरवणे अशक्यच होते. ब्रिटिश औषधकोशातून तो १९३२ मध्ये आणि अमेरिकन औषधकोशातून १९४२ मध्ये गेला. त्यामागे राजकारण होते, पण साठवणीचे अपयशही होते.

२२/ आंतरराष्ट्रीय बंधने त्याच सुमारास आवळू लागली. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधीने हशीशविरुद्ध आवाज उठवला. हिंदुस्थान सरकारने सरसकट बंदीबाबत हात आखडता घेतला. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेये व द्रव्ये यांवर बंदी हे राज्याचे ध्येय ठरवले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाचा अवैद्यकीय वापर २५ वर्षांत थांबवण्याची मुदत होती. त्या करारातील व्याख्येतून फुलोऱ्याविना असलेली पाने व बी वगळली गेली.

२३/ १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा, म्हणजे एनडीपीएस, अमलात आला. त्यात तीच व्याख्या आहे, म्हणून भांग केंद्रीय कायद्यातून सुटली. पण सुटली म्हणजे मोकळी झाली, असे नव्हे. ती राज्यांच्या कायद्याकडे गेली आणि महाराष्ट्रात तिच्यावर दारूबंदी अधिनियमाचे नियंत्रण आहे. गांजाचे झाड लावणे मात्र केंद्रीय कायद्यानेच गुन्हा आहे : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. झाड एक की शंभर, कुंडीत की शेतात, हा भेद लागवडीच्या व्याख्येत नाही.

२४/ तुरीच्या वा कपाशीच्या ओळींत लपवलेली गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या आजही विदर्भ-मराठवाड्यातील वर्तमानपत्रांत येतात. पकडला जातो तो शेतकरी. बियाणे देणारा आणि माल उचलणारा बहुधा बातमीत नसतो. १८९४ च्या अहवालात शेतकऱ्यास निदान परवाना तरी होता आणि माल कोणी घेतला याची नोंद होती. आज त्याच्या वाट्यास फक्त धोका आला आहे. परंपरेच्या गप्पा मारणारी चित्रफीत पाहून कोणी परसात बी टाकलेच, तर न्यायालयात शार्ङ्गधर संहिता उपयोगी पडणार नाही.

२५/ जग पुन्हा बदलते आहे, हेही खरे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजास १९६१ च्या करारातील सर्वांत कडक यादीतून काढले. भारताने बाजूने मत दिले. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या तंतूसाठी परवाने देण्यास आरंभ केला. पुढे काय व्हावे, यावर मतभेद असू द्या. परंतु वाद करताना इतिहास साक्षीला बोलवायचा असेल, तर तो पुरता बोलवावा.

२६/ पुरता इतिहास असा : गांजा येथे जुना आहे, तो पवित्रही मानला गेला आणि निंद्यही. तो पिकवण्यात, वाळवण्यात, साठवण्यात शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे अस्सल ज्ञान होते. त्या ज्ञानावर सरकारने कर बसवला, रकाने आखले, मग सोयीप्रमाणे नियम बदलले. त्यात सुखाचा काळ कोणासाठी होता? मक्तेदारासाठी थोडा, खजिन्यासाठी बराच. शेतात वाकणाऱ्यासाठी आणि इस्पितळात बसलेल्या त्या ९८ जणांसाठी तो नव्हता.

२७/ शेवटी एक विनंती. कमिशनच्या अहवालाचे खंड आणि जुनी जिल्हा गॅझेटिअरे आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. आपापल्या जिल्ह्याचे 'अबकारी' हे प्रकरण उघडून पाहा. दुकाने किती, मक्ता कोणत्या पद्धतीचा, माल कोठून येई, ते टिपून घ्या. पुढच्या होळीस कोणी ती दोन वाक्ये पुन्हा धाडली, तर त्यास हा धागा नव्हे, आपल्याच तालुक्याचा तो कागद दाखवा. धागा समाप्त.